गोरक्षनाथची भेटप्रत

गोरक्षनाथनं पुस्तक टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. राजेश्वरीच्या पुढ्यातला कप कलंडला आणि चहाचा ओघळ थेट तपासायला घेतलेल्या कवितांच्या मुद्रितावर गेला. तिकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"ह्ये कुनी लिवलं?"

राजेश्वरीनं मुद्रित झटकलं आणि पुस्तकाकडं पाहिलं. गुळगुळीत कव्हर, त्यावर फेटा बांधलेले शिक्षणसंस्थेचे काकासाहेब आणि डोक्यावर सोनेरी अक्षरात नाव, 'माळावरचा दीपस्तंभ'. समुद्र बघायचा तर इथून अख्खा दिवस गाडीत बसावं लागतं, पण पाथर्डी तालुक्यात दीपस्तंभ मात्र गावागणिक एकेक आहे. हे नाव तिनंच सुचवलं होतं. गौरव समितीला फार आवडलं होतं.

"तुम्ही कोण भाऊ?" तिनं विचारलं.

"ज्याच्या नावानं लिवलंय, त्यो. गोरक्षनाथ. ह्या दीपस्तंभाचा धाकटा भाऊ."

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेल्या शुभांगीचे हात थांबले. टाइपसेटिंगपासून गठ्ठे बांधण्यापर्यंत हिवर प्रकाशनातली सगळी कामं ती करायची. तिनं राजेश्वरीकडं बघितलं आणि राजेश्वरीला कळलं की काहीतरी भलतंच होऊन बसलंय.

आता हे हिवर प्रकाशन म्हणजे काय, तर पाथर्डीच्या एसटी स्टँडमागं खत-बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली. छपाई नगरला व्हायची, बाकी सगळं इथं. ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत जन्मलेल्या पोरींच्या कविता, मेंढरांमागं फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, असली पुस्तकं राजेश्वरी काढायची. त्यांना ती 'खरी पुस्तकं' म्हणायची, पाचपाचदा वाचायची, एका वेलांटीसाठी लेखकाशी भांडायची. पण खऱ्या पुस्तकांवर चूल पेटत नाही. चूल पेटायची ती गौरवग्रंथांवर. कुणाची साठी, कुणाची एकसष्टी, कुणाचा कसला तरी महोत्सव. आणि गौरवग्रंथाची या भागातली रीत अशी की समितीनं नावं द्यायची आणि लेख प्रकाशकानं लिहायचे. "डॉक्टर, तुमच्या नावानं दोन पानं टाकतेय," असा फोन करायचा. डॉक्टर म्हणायचे, "टाका की, जरा झोकात टाका." संपलं. डॉक्टर, सरपंच, माजी विद्यार्थी, विहीणबाई, सगळ्यांच्या तोंडून राजेश्वरीच बोलायची. तिला त्याची लाज वाटत नव्हती. भाकरीला कसली आलीय लाज!

हुकमी प्रसंग तर तिच्याकडं तयारच असायचे. उन्हाचे दिवस, तापलेली वाट, लहान लेकराचे पाय भाजताहेत, आणि सत्कारमूर्ती अनवाणी असूनही त्या लेकराला खांद्यावर घेतात. हा प्रसंग प्रत्येक ग्रंथात एकदा यायचाच. शुभांगी तर टाइप करायला बसताना विचारायची, "मॅडम, या खेपेला कोण कुणाच्या खांद्यावर?"

या खेपेला गोरक्षनाथ काकासाहेबांच्या खांद्यावर होता. लेखाचं नावच 'दादांच्या खांद्यावर'.

आणि हिवर प्रकाशनाचा एक कडक नियम होता. प्रकाशन समारंभाआधी प्रत्येक लेखकाला भेटप्रत गेलीच पाहिजे. पुण्याचे मोठेमोठे प्रकाशक लेखकाला झुलवतात, आपण नाही झुलवायचं, असं राजेश्वरी छाती फुगवून सांगायची. तर शुभांगीनं नियमाप्रमाणं यादीतल्या सगळ्या 'लेखकांना' प्रती धाडल्या. त्यात गोरक्षनाथलाही धाडली, वर 'लेखकास सस्नेह' असा शिक्का मारून.

"समितीनं तुम्हाला विचारलं नव्हतं?" राजेश्वरीनं विचारलं. यादीतल्या या एका नावाला तिनं फोन केला नव्हता. समितीचे कार्यवाह रंगनाथ सर म्हणाले होते, घरचंच माणूस आहे, त्यांचं मी बघतो.

"मला? आमचं बोलनं म्हातारा मेला तवाच बंद झालं. त्याच्या दारात मी पानी पीत न्हाई, आन् तू मला त्याच्या खांद्यावर बसिवलं?"

"अहो, पण चांगलंच लिहिलंय ना? वाईट तर काही..."

"श्येवटचं वाच. मोठ्यानं."

राजेश्वरीला राग आला. आपल्या खोलीत येऊन आपल्यालाच शाळेतल्या पोरीसारखं उभं करतो म्हणजे काय! तरी तिनं पान उलटलं आणि वाचलं. "वडिलांच्या माघारी विहीर आणि गावाशेजारचं रान यांतला माझा हिस्सा मी राजीखुशीने दादांना दिला. दादा नको नको म्हणत होते, पण माझाच आग्रह होता."

तिचा आवाज पडला. हे तिचं नव्हतं. स्वतःची वाक्यं तिला ओळखू येत होती, आणि ही वाक्यं वकिली होती.

"दिला म्हनं राजीखुशीनं!" गोरक्षनाथ गरजला. "माजा वाटा त्यानं दाबलाय, त्याचाच तर दावा चाललाय कोर्टात. म्होरल्या आठवड्यात तारीक हाय. त्याचा वकील ह्येच पुस्तक काढनार. गोरक्षनाथनं सोता लिवलंय, छापून आलंय, लेखक म्हनून भेटपरत बी घेतली, शिक्का बगा! आता काय करू मी? जाळून घेऊ?"

"मी रंगनाथ सरांशी बोलते."

"कुनाशी बोलू नगं. माजं नाव काढ. त्यातला येक बी सबूद माजा न्हाई आन् येक बी सबूद खरा न्हाई, असं लिवून दे. न्हाई दिलंस तर तुज्या दारात बसतो आन् येनाऱ्या-जानाऱ्याला सांगतो, हितं मानसांची तोंडं इकत्यात."

भेटप्रत तिथंच टाकून तो जिना उतरला. खाली दुकानदाराशीही त्याचं काहीतरी वाजलं.

राजेश्वरी शुभांगीवर उखडली. "हा परिच्छेद कुठून आला?"

"शेवटच्या प्रुफात रंगनाथ सरांनी हातानं लिहून दिला होता," शुभांगी म्हणाली. "मी तुम्हाला दाखवायला आणलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, गौरवग्रंथाचं काय वाचायचं, दे पाठवून."

हे अगदी खरं होतं. त्या दिवशी राजेश्वरी कवितांच्या वेलांट्यांशी झटत बसली होती. खऱ्या पुस्तकासाठी डोळे फोडायचे आणि खोट्या पुस्तकावर डोळे मिटून सही करायची, हीच तर तिची पद्धत. आता भोगा.

रंगनाथ सर दुपारीच आले. काकासाहेबांच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की गुळाची ढेप.

"मॅडम, एवढ्यातेवढ्यावरून फोनवर चिडता? गौरवग्रंथ कधी कुणी वाचतं का?"

"मग तो परिच्छेद टाकला कशाला?"

"वाचायला नाही टाकला," सर हसून म्हणाले, "दाखवायला टाकलाय."

राजेश्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस निदान खोटं तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं. यानं तेवढीही तसदी घेतली नाही.

"ते पान मी काढणार. सगळ्या प्रतींतून."

"कसं काढाल? बांधणी झाली. पान फाडलेला ग्रंथ काकासाहेबांच्या हातात देणार, भर मांडवात?" सरांनी टेबलावरची कवितांची पानं उचलली आणि चहाचा डाग बघून पुन्हा खाली ठेवली. "ह्या तुमच्या कोपीतल्या कविता. छान असतात. आमच्या संस्थेच्या शाळांची ग्रंथालयं आहेत म्हणून खपतात. आहेत की नाही? खाल्ल्या मिठाला जागावं, मॅडम."

"मीठ मी माझ्या कष्टाचं खाल्लंय."

"आणि ते सगळे लेखही तुमच्याच कष्टाचे. त्या माणसाच्या तोंडात पहिलं खोटं कुणी घातलं? तुम्ही. मी फक्त शेपूट जोडलं. उद्या बोंब मारलीत तर पहिलं बोट तुमच्याकडं येईल. शहाण्या आहात."

सर गेले, पण 'पहिलं खोटं तुम्ही घातलं' हे वाक्य खोलीत ठेवून गेले. ते राजेश्वरीला गिळता येईना, थुंकता येईना. आपण कुणाचं वाईट केलं नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. चार गोड शब्द, कुणाच्या का नावावर असेनात! पण माणसाच्या तोंडात एकदा आपले शब्द कोंबायची वाट पाडून दिली, की मागून कुणीही काहीही कोंबतो. ती वाट तिनंच पाडली होती. रंगनाथ सरांचा राग आला होताच, पण हे त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं याचा त्याहून जास्त आला.

नगरहून आलेले गठ्ठे खोलीतच रचलेले होते. प्रकाशनाच्या दिवशी टेम्पो येऊन ते काकासाहेबांच्या गावी, तिसगावला नेणार होता. राजेश्वरीनं एका गठ्ठ्याची सुतळी कापली.

"शुभांगी, शुद्धिपत्र करायचंय."

पुस्तकात चूक राहिली की प्रकाशक एक चिठ्ठी छापून आत घालतात, अमुक पानावर अमुक ऐवजी तमुक वाचावे, ते शुद्धिपत्र. बहुधा कुणी ते वाचत नाही आणि पुस्तक उघडलं की ते भुईवर पडतं. राजेश्वरीनं सांगितलं आणि शुभांगीनं टाइप केलं. "या ग्रंथातील 'दादांच्या खांद्यावर' हा लेख श्री. गोरक्षनाथ यांनी लिहिलेला नाही आणि त्यांना विचारून छापलेला नाही. तो प्रकाशकाने व समितीने रचला आहे. त्यातील एकही शब्द खरा नाही. हिवर प्रकाशन."

शुभांगीनं वाचून पाहिलं. "मॅडम, हे शुद्धिपत्र नाही, हे आपलं सरण आहे."

"मग चिकटव नीट. वाऱ्यानं उडायला नको."

दोघींनी मिळून प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर ती चिठ्ठी खळीनं डकवली. एकच प्रत उरली. सगळ्यांत वरची, लाल कागदात बांधून फीत लावलेली, मांडवात पाहुण्यांच्या हस्ते उघडायची. तिची फीत सोडली की समितीला संशय येणार. राजेश्वरीनं कागदाच्या फटीतून चिठ्ठी आत सरकवून दिली. तिथं खळ लावता आली नाही.

तिसगावला मांडव दांडगा पडला होता. संस्थेच्या शाळांमधली पोरं रांगेनं आणून बसवली होती, बायकांच्या बाजूला कूलर लावले होते, आणि भोंग्यावरून काकासाहेबांचं नाव असं काही घेतलं जात होतं की रस्त्यावरची जीपही थांबावी. प्रमुख पाहुणे म्हणून एक कीर्तनकार महाराज बोलावले होते. धिप्पाड माणूस आणि आवाज असा खणखणीत की माइकची गरजच नाही. मांडवात चिठ्ठी आली की ती वाचायची, ही त्यांची जन्माची सवय. कुणाची गाडी रस्त्यात उभी आहे, कुणाचं पोर हरवलंय, कुणी देणगी दिली, समोर येईल ते महाराज वाचायचे.

काकासाहेब मधल्या खुर्चीत. रंगनाथ सर सूत्रसंचालन करत होते आणि दर दोन वाक्यांमागं टाळ्या मागत होते. राजेश्वरी व्यासपीठाच्या टोकाला बसली होती. प्रकाशकाचा शाल-नारळ शेवटी असतो, म्हणून तिला टोकाची खुर्ची. उठून ती प्रत काढून घ्यावी, असं तिला दोनदा वाटलं. उठली मात्र नाही.

फीत सुटली. लाल कागद बाजूला झाला. महाराजांनी ग्रंथ उंच धरला, फोटो झाले आणि तेवढ्यात आतली चिठ्ठी त्यांच्या मांडीवर पडली. महाराजांनी ती उचलली आणि सवयीनं माइक जवळ ओढला.

"एक सूचना आलेली आहे," ते म्हणाले, आणि वाचू लागले.

पहिलं वाक्य होईपर्यंत लोक गाडीचा नंबर येईल म्हणून वाट बघत होते. दुसऱ्याला पुढच्या रांगा गप्प झाल्या. रंगनाथ सर माइककडं धावले, पण महाराजांना अर्धवट वाचायची सवय नव्हती. "त्यातील एकही शब्द खरा नाही," हे त्यांनी कीर्तनातल्या चरणासारखं दोनदा म्हटलं आणि मग त्यांचा त्यांनाच अर्थ लागला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. मागं उभी असलेली गावची माणसं हसली नाहीत. ती काकासाहेबांकडं बघत होती, आणि त्यांना सगळंच ठाऊक होतं.

काकासाहेब शांतपणे उठले. "प्रकाशकबाईंची तब्येत जरा बरी नाही," ते माइकवर म्हणाले. "कामाचा ताण. आपण त्यांचा सत्कार उरकून घेऊ." त्यांनी स्वतः शाल तिच्या खांद्यावर टाकली, नारळ तिच्या हातात दिला आणि कानाशी वाकून पुटपुटले, "ह्यो तुझा शेवटचा नारळ. आता ह्या जिल्ह्यात तुला कुणी छापायला चिठ्ठीबी देणार नाय."

व्यासपीठामागं रंगनाथ सरांनी तिला गाठलं. गुळाची ढेप पार विरघळली होती. "कृतघ्न बाई! तुझी ती भिकारडी पुस्तकं गाढवावर लादून परत पाठवतो की नाही बघ."

गाढवं काही आली नाहीत, संस्थेचा टेम्पो आला. शाळाशाळांच्या कपाटांतून हिवरची पुस्तकं काढून पोत्यांत भरली होती आणि ती पोती तिच्या जिन्यावर आणून टाकली होती. एक पोतं फाटलं होतं. कवितांवर शाळेचे शिक्के होते, काही पानांच्या कडेला पोरींनी पेन्सिलीनं फुलं काढली होती. चौथीतल्या कुण्या पोरीनं एका कवितेखाली लिहिलं होतं, 'ही माझ्या आईची आहे.' राजेश्वरी तिथंच पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. मग तिनं चिडून डोळे पुसले. ठरलेले दोन गौरवग्रंथही एव्हाना मोडले होते. समित्यांनी कारण सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

कोर्टाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ आला. पोती ओलांडत वर चढला. राजेश्वरीला वाटलं, माणूस निदान आता तरी दोन शब्द बरे बोलेल.

"काय झालं कोर्टात?" तिनं विचारलं.

"त्यांनी पुस्तक काढलंच न्हाई. तुजी चिठ्ठी डकिवल्याली, काढत्यात कशाला! म्होरली तारीक पडली." तो उभाच होता. "पर मी त्यापायी आलो न्हाई. ते खांद्यावरचं तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

"खोटं बोलू नगं. कुनी सांगितलं?"

"अहो, मी सगळ्यांच्याच लेखात लिहिते ते," राजेश्वरीचा पारा चढला. "प्रत्येक ग्रंथात कुणीतरी कुणाला तरी खांद्यावर घेतो. विचारा हिला. माझ्या मनचं आहे."

शुभांगीनं मान हलवली.

गोरक्षनाथनं शुभांगीकडं बघितलं, पुन्हा राजेश्वरीकडं बघितलं. मग म्हणाला, "तू तिसगावचा बाजार लिवलाय. बाजार नव्हता, मडीची जत्रा हुती. मी लई ल्हान. पाय पोळलं म्हनून बोंबलत हुतो. दादानं घेतलं हुतं खांद्यावर. त्याच्या बी पायात काय नव्हतं. पार घरापोत्तर आनलं."

राजेश्वरीनं खुर्ची पुढं सरकवली, पण तो बसला नाही.

"त्या भोंग्यावर महाराज काय म्हनला? येक बी सबूद खरा न्हाई. दोनदा म्हनला. मी भाईर रस्त्यावर हुतो. दादा खुर्चीत हुता. त्यानं बी ऐकलं. त्याला वाटलं आसंल, मीच लिवून घेतलंय. त्येवढं येक तरी ठिवायचं हुतंस!"

"तुम्हीच म्हणालात, एकही शब्द नको!"

"व्हय, म्हनलो! मग? तुला अक्कल नव्हती?" तो ओरडला आणि एकदम थांबला. टेबलावर त्याची भेटप्रत अजून पडलेली होती, 'लेखकास सस्नेह' शिक्क्याची. त्यानं बोटानं ती पुढं ढकलली. "त्येवढं कापून दे. खांद्यावरचं. दुसरं कायबी नगं."

राजेश्वरीनं कटर घेतला, पट्टी लावली आणि तो परिच्छेद चौकोनी कापला. कापलेला तुकडा त्याला देताना तो तिच्या बोटांत उलटा झाला आणि दोघांनाही मागची बाजू दिसली. "...माझा हिस्सा मी राजीखुशीने दादांना दिला. दादा नको नको म्हणत होते..." एकाच पानाच्या दोन बाजू. हे वेगळं करून देणं कुठल्याच प्रकाशकाला जमलं नसतं.

गोरक्षनाथनं तुकडा हातात घेतला. एक बाजू वाचली, मग दुसरी वाचली, पुन्हा पहिली वाचली. मग त्यानं तो तुकडा टेबलावर, तिच्या पुढ्यात ठेवला. या वेळी आपटला नाही.

"ठिव तुलाच," तो म्हणाला. "तूच लिवलंय."

पोती ओलांडत तो खाली गेला.